विचारले कोणाला, मोजले कोणी? निवडणुकीच्या मैदानातले बाबासाहेब

निवडणूक जवळ आली की राजूरच्या आठवडे बाजारात एकच प्रश्न फिरू लागतो. यंदा हवा कोणाची? भाजीवाल्या मावशी विचारतात, पेढ्याच्या दुकानात बसलेले विचारतात, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या जीपमधले प्रवासीही विचारतात. उमेदवार कोण, त्याने मागच्या पाच वर्षांत काय केले, हे नंतर येते, कधी कधी येतही नाही. हल्ली त्या प्रश्नाला आकड्यांचा टेकू मिळाला आहे. टीव्हीवर तक्ते येतात, मोबाईलवर रंगीत पट्ट्या येतात. अमक्याला इतक्या जागा, तमक्याला इतक्या. आपल्या वस्तीतला तरुणही ते बघून म्हणतो की आपला उमेदवार तर कुठेच दिसत नाही, मग मत वाया कशाला घालवायचे?

आम्ही या भागात गेली काही वर्षे सामाजिक काम करतो. अकोले विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तर ज्या शिर्डी लोकसभा मतदारसंघात आपण येतो, तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे एकाच गावातला माणूस एका निवडणुकीत एका राखीव जागेसाठी मत देतो आणि दुसऱ्या निवडणुकीत दुसऱ्या. राखीव जागा म्हणजे काय आणि तिथे निवडून येणारा नेमका कोणाचा प्रतिनिधी असतो, हा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही. हाच प्रश्न घेऊन एक माणूस सदतीस वर्षे भांडला. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, धम्मदीक्षेसाठी वंदन करतो. मतदारांपुढे हात जोडून उभे राहिलेले, जिंकलेले, हरलेले आणि हरल्यावर आकडे घेऊन बसलेले बाबासाहेब मात्र आपल्या जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाहीत. या लेखात आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन हा शिक्षणाचा प्रवास वाचकांना पाठ आहे, तो पुन्हा सांगत नाही. आमच्या विषयाची सुरुवात होते २७ जानेवारी १९१९ रोजी. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय सत्तावीस. हिंदुस्थानात मत कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती आली होती आणि तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या काळी मत मिळायचे ते जमीन, शेतसारा, मालमत्ता पाहून. बाबासाहेबांनी समितीपुढे साधा हिशेब मांडला. ज्या समाजाला जमीन घेऊ दिली जात नाही, धंदा करू दिला जात नाही, त्याला मालमत्तेची अट लावली तर त्याचे मतदार उरतील किती? जवळजवळ कोणी नाही. मग निवडून आलेले मंडळ सगळ्या जनतेच्या वतीने बोलते असे कसे म्हणायचे? आम्ही एम.ए.ला असताना नमुना निवड नावाचा पेपर होता. ज्यांना विचारलेच नाही त्यांचे मत निष्कर्षात नसते, हे तिथे पहिल्या तासाला शिकवतात. बाबासाहेब ते १९१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना शिकवत होते.

पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला, मूकनायक सुरू झाले. मग ३ एप्रिल १९२७ ला बहिष्कृत भारत, १९३० मध्ये जनता, आणि अगदी शेवटी ४ फेब्रुवारी १९५६ ला प्रबुद्ध भारत. पैशांची ओढाताण, छपाईची अडचण, वर्गणीदार थकलेले, तरी पत्र काढायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. लोकांना मत मिळण्याआधीच त्यांनी लोकांना वाचायला द्यायला सुरुवात केली होती, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आज क्रम उलटा झाला आहे. मत अठराव्या वर्षी आपोआप मिळते आणि वाचायला काय मिळते ते विचारू नका.

१९२७ पासून ते मुंबई विधिमंडळात होते, पण सरकारनियुक्त सभासद म्हणून. लोकांनी निवडून दिले नव्हते, गव्हर्नरांनी नेमले होते. या नेमणुकीच्या पद्धतीवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष देताना आणि मग १७ मे १९२९ च्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितले. निरक्षर माणसाला मत देऊन काय उपयोग, असे तेव्हाचे शहाणे लोक म्हणत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की आपले भले कशात आहे हे कळायला अक्षरओळख लागत नाही, अनुभव लागतो. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तिथे येणारा शेतकरी बैलाचे दात बघतो, चाल बघतो, खांद्यावर हात फिरवतो, मग भाव बोलतो. गर्दी कोणत्या बैलाभोवती जास्त आहे हे बघून कोणी पैसे मोजत नाही. तोच शेतकरी मतदानाला जाताना मात्र गर्दी बघतो, ही आमची तक्रार आहे.

त्याच सुमारास मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते, १९३० मध्ये अहवाल आला. गावात हक्क मागितला की वाळीत टाकतात, वाण्याकडे सामान बंद, शेतावर काम बंद, वाट बंद, हे त्या अहवालात नोंदवले आहे. मताचा प्रश्न त्यांच्या मनात याच चित्राशी जोडलेला होता. ज्याच्या शेतावर उद्या सकाळी मजुरीला जायचे आहे, त्याच्यासमोर माणूस मनातले बोलेल का?

मग गोलमेज परिषद. तिथेही प्रतिनिधी निवडून गेलेले नव्हते, बोलावलेले होते. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने कोण बोलतो यावर गांधीजी आणि बाबासाहेब यांच्यात उघड वाद झाला. दोघेही म्हणत होते की तो समाज माझ्यामागे आहे. हा वाद सोडवायचा कसा? मोजायचे साधनच नव्हते. बाबासाहेबांच्या बाजूने देशभरातून तारा गेल्या, विरोधातही गेल्या. तारांची संख्या हे जनमत असते का, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारला नाही. आज पसंतीचे अंगठे मोजताना आपणही विचारत नाही.

१९३२ मध्ये लोथियन समितीवर ते होते. मताधिकार वाढवायचा तर अस्पृश्यांची संख्या किती, हे आधी ठरवणे भाग होते. संख्येवर जागा ठरणार, जागांवर सत्ता ठरणार. आणि काय चमत्कार झाला पाहा. संयुक्त प्रांत आणि बंगाल या प्रांतांत आधीच्या सरकारी कागदांत ज्यांची संख्या कोटीच्या घरात होती, ते लोक स्थानिक समित्यांच्या नव्या मोजणीत काही लाखांवर किंवा त्याहूनही खाली आले. माणसे कुठे गेली नव्हती, व्याख्या बदलली होती. बाबासाहेबांनी १ मे १९३२ च्या आपल्या स्वतंत्र टिपणात या मोजणीचे वाभाडे काढले. आकडा कोणी काढला, कोणत्या व्याख्येने काढला आणि त्याचा फायदा कोणाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कधी आकडा स्वीकारला नाही.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांचा जातीय निवाडा आला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही एक मत, अशी दोन मते होती. गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. बाबासाहेबांनी वाटाघाटीत एक गोष्ट मात्र पदरात पाडून घेतली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ती म्हणजे प्राथमिक निवडणूक. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचे आणि चार जणांची यादी काढायची. मग त्या चौघांतून सर्व जातींच्या मतदारांनी एकाला निवडायचे.

ही पद्धत थोडी उलगडून सांगितली पाहिजे. समजा पहिल्या फेरीत समाजाने एका उमेदवाराला भरघोस मते दिली आणि चौथ्या क्रमांकाच्या माणसाला मूठभर. दुसऱ्या फेरीत सवर्ण मतदारांची संख्या जास्त, त्यांनी त्या चौथ्यालाच पसंत केले. निवडून तोच येणार. कागदावर तो समाजाचा प्रतिनिधी, प्रत्यक्षात समाजाने त्याला शेवटच्या क्रमांकावर ठेवलेले. पहिली फेरी म्हणजे समाजाच्या मनाची खरीखुरी, कायदेशीर चाचणी होती. दुसऱ्या फेरीत तिचा निकाल उलटवता येत होता. शिवाय चारपेक्षा जास्त उमेदवार नसतील तर पहिली फेरी व्हायचीच नाही. पुढे बहुसंख्य जागांवर ती झालीही नाही.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच वर्षी अमेरिकेत एक घटना घडली, ती इथे सांगण्यासारखी आहे. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांहून जास्त उत्तरे आली. त्यावरून त्यांनी जाहीर केले की रूझवेल्ट हरणार. रूझवेल्ट प्रचंड मतांनी जिंकले. चूक कुठे झाली? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटार नोंदणीच्या यादीतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार नव्हती, ते लोक मोजणीत आलेच नाहीत. जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या कितीतरी कमी लोकांना, पण वेगवेगळ्या थरांतल्या लोकांना विचारले आणि त्यांचा अंदाज बरोबर आला. साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने जे सांगितले होते, ते अमेरिकेतल्या मोठ्या साप्ताहिकाला सतरा वर्षांनी असे महाग पडून कळले.

आमचीही एकदा अशीच फजिती झाली. शिकत असताना आम्ही चार-पाच जणांनी एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी पाहणी केली. एस.टी. स्टँड, चहाची टपरी, बाजार इथे शंभरेक लोकांना विचारले, तक्ते काढले, छान अहवाल लिहिला. निकाल बरोबर उलटा लागला. नंतर वस्त्यांवर गेलो तेव्हा लक्षात आले की आम्ही बायकांना विचारलेच नव्हते. दोन-तीन घरी विचारले तेव्हा उत्तर नवऱ्याने दिले होते आणि आम्ही ते बायकोचे म्हणून लिहून घेतले होते. आपल्याच वस्तीतल्या एका आजीने तर नंतर हसत सांगितले की तुमच्याबरोबर तो अमक्याचा पोरगा होता ना, म्हणून मी त्याच्या पक्षाचे नाव सांगितले. विचारणाऱ्याचे तोंड बघून उत्तर द्यायचे, हे शहाणपण गरिबाला पिढ्यान्पिढ्या शिकावे लागले आहे. कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.

फेब्रुवारी १९३७ मध्ये बाबासाहेब पहिल्यांदा मतदारांपुढे गेले. वय पंचेचाळीस. मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डातून ते उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उभे केले. पी. बाळू म्हणजे क्रिकेटमधले मोठे नाव, चांभार समाजात जन्मलेला, हिंदू जिमखान्याच्या संघाला आपल्या गोलंदाजीने जिंकून देणारा खेळाडू. खुद्द बाबासाहेबांना त्यांचे कौतुक होते. आजच्या भाषेत सांगायचे तर एका बाजूला विद्वान, दुसऱ्या बाजूला लोकप्रिय चेहरा आणि त्या चेहऱ्यामागे देशातला सर्वांत मोठा पक्ष. हवा कोणाची, हे त्या वेळी कोणीही सांगितले असते.

त्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात एक वेगळी पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराला मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य मतदारांनी आपली मते विखुरली नाहीत तर त्यांचा माणूस निवडून येऊ शकत होता. हे समजावायला कार्यकर्ते चाळीचाळींतून फिरले. निकाल लागला, बाबासाहेबांना १३,२४५ मते आणि बाळूंना ११,२२५. पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते, त्यांतले बहुतेक निवडून आले. आपल्या जिल्ह्यातून, नगर दक्षिणमधून, पी. जे. रोहम स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले. एका वर्षाच्या आतल्या पक्षाने हे करून दाखवले. नियम लोकांना नीट समजावून सांगितला की लोक तो किती नेमका वापरतात, हे आम्हाला या निकालात दिसते.

निवडून आल्यावर त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, वतनाचा प्रश्न लावून धरला, १९३८ मध्ये कामगारांच्या संपाचा हक्क कापणाऱ्या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरले. या भागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून पुढे जातो.

१९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या विषयावरचे त्यांचे मोठे पुस्तक आले. त्यातला एक भाग निव्वळ आकड्यांचा आहे आणि आमच्या मते कोणत्याही निवडणूक विश्लेषकाने तो वाचावा. १९३७ मध्ये १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने जिंकल्या, म्हणून अस्पृश्य समाज काँग्रेसमागे आहे असा प्रचार झाला होता. बाबासाहेबांनी प्रांतवार तक्ते मांडून विचारले की जागा किती आल्या हे ठीक, पण त्या कोणाच्या मतांवर आल्या? अस्पृश्य मतदारांची मते किती आणि सवर्णांची किती? जागा आणि मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी पानोपान पटवून दिला. आज टीव्हीवर अमक्या समाजाने अमक्याला मत दिले असे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा आम्हाला ते तक्ते आठवतात.

दरम्यान १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. राखीव जागा काँग्रेसने जवळपास सगळ्या नेल्या. त्याच वेळी ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ सत्तांतराची बोलणी करायला आले होते. त्यांनी अंतिम निकाल पाहिला आणि अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा मान काँग्रेसला दिला. बाबासाहेब सांगत राहिले की प्राथमिक फेरी पाहा, जिथे फक्त आमच्या लोकांनी मत दिले तिथले आकडे पाहा. तिथे चित्र वेगळे होते. कोणी ऐकले नाही.

हा त्यांच्या आयुष्यातला फार कठीण काळ होता. नवा देश आकाराला येत होता आणि घटना समितीत जायला मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे बळ नव्हते. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या सहकाऱ्यांनी त्यांना तिथून निवडून पाठवले. फाळणीत ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर काँग्रेसने त्यांना मुंबईतून निवडून दिले. ज्या पक्षाशी आयुष्यभर झगडा, त्याच्याच मतांवर घटना समितीत जाणे हे त्यांनी स्वीकारले, कारण आत काय लिहायचे आहे ते त्यांना ठाऊक होते.

आत गेल्यावर त्यांनी जे लिहिले त्यातल्या दोन गोष्टी या विषयाच्या गाभ्याच्या आहेत. एक, अनुच्छेद ३२६, प्रत्येक प्रौढाला मत. साउथबरो समितीपुढे उचललेला प्रश्न तीस वर्षांनी तिथे मिटला. दुसरी, निवडणूक आयोग. आधीच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी राज्यांचे वेगळे आयोग होते. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी दुरुस्ती आणून सगळ्या देशाला एकच स्वतंत्र आयोग दिला. काही प्रांतांत भाषेने किंवा वंशाने वेगळ्या लोकांची नावे मतदार यादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी होत्या, हे कारण त्यांनी सभागृहात सांगितले. मतदार यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे ते ओळखून होते.

पुढे कायदामंत्री म्हणून १९५० आणि १९५१ चे लोकप्रतिनिधित्व कायदे त्यांनी संसदेत आणले. १९५१ च्या कायद्यात एक कलम होते. जिथे दोन जागांचा मतदारसंघ असेल तिथे मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच मत देता येईल. १९३७ ची ती मुभा गेली. हे कलम लक्षात ठेवा.

हिंदू कोड बिलाचे जे झाले ते झाले आणि सप्टेंबर १९५१ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. लगेच देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक. सतरा कोटींहून जास्त मतदार, बहुतेक निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतदाराने कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. फेडरेशनचे चिन्ह हत्ती. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगून स्वतःचे नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. आमच्या त्या फसलेल्या पाहणीतल्या बायका आठवतात त्या इथे.

बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. समाजवादी पक्षाशी समझोता होता, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार होते नारायण सदोबा काजरोळकर. प्रकृती खालावलेली, पाय दुखत, डोळे अधू होत चाललेले, तरी त्यांनी सभा घेतल्या. घटना लिहिणारा माणूस हरेल असे कोणाच्या मनात तरी आले असेल का? जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. साडेचौदा हजारांच्या फरकाने ते हरले.

पण आणखी एक आकडा होता. त्या मतदारसंघात ७४ हजारांच्या वर मते बाद झाली होती. म्हणजे फरकाच्या पाचपट. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की एक बाद. काही लोकांनी मुद्दाम मते बाद करायचा प्रचार केला, असा आरोप करून बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. अर्ज फेटाळला गेला. ती सगळी मते बाबासाहेबांचीच होती असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण पंधरा वर्षांपूर्वी ज्या मुंबईत सगळी मते एका माणसाला देता येत होती, त्याच मुंबईत आता तसे केले की मत मरत होते. नवा नियम किती जणांपर्यंत पोहोचला असेल? आणि तो नियम ज्या कायद्यात होता तो कायदा त्यांनीच आणला होता. या गोष्टीचे आम्हाला फार वाईट वाटते आणि तितकाच आदरही वाटतो. स्वतःच्या सोयीचा कायदा त्यांनी केला नव्हता.

त्या निवडणुकीत फेडरेशनचे दोन खासदार लोकसभेत गेले. सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि करीमनगरहून एम. आर. कृष्णा. बाबासाहेब राज्यसभेवर गेले.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता बरोबर. जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत की काही जणांनी बाबासाहेबांना सुचवले, आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे दुसऱ्या उमेदवारांची मते वाढणार नाहीत आणि आपला विजय सोपा होईल. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या मतासाठी आयुष्य घातले ते मत फुकट घालवा असे लोकांना सांगणे त्यांना मान्य नव्हते. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ-साडेआठ हजार मतांनी काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले.

दोन पराभवांनंतर माणूस लोकांना दोष देतो. कार्यकर्त्यांतही तो सूर असतो, आम्ही दर निकालानंतर ऐकतो. लोक विकले गेले, लोकांना कळत नाही, वगैरे. बाबासाहेबांनी शेवटच्या वर्षात केले ते वेगळेच. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी. कायदा, अर्थकारण, संसदेचे कामकाज, भाषण कसे करावे, हे शिकवायचे. मतदार शहाणा व्हायला हवा हे सगळेच म्हणतात, उमेदवारानेही शिकले पाहिजे असे म्हणून त्याची शाळा काढणारा दुसरा नेता आम्हाला तरी माहीत नाही. त्यांना तिथे स्वतः शिकवायचे होते. १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला ते गेले. शाळाही फार दिवस चालली नाही.

त्यांनी आणलेल्या १९५१ च्या कायद्यात पुढे पुष्कळ बदल झाले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ मध्ये रद्द झाले. २०१० पासून त्याच कायद्यात कलम १२६ क आहे, ज्याने पहिल्या टप्प्याचे मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे. मतदानाआधीच्या जनमत चाचण्यांवर मात्र शेवटच्या ४८ तासांपुरतेच बंधन आहे. २०२४ च्या लोकसभेला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते. ४ जूनला आकडा आला २९३. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा विरोधी आघाडीकडे गेल्या. आता चाचण्या बंद करा असे आम्ही म्हणत नाही. नीट केलेली पाहणी उपयोगी असते, आम्ही स्वतः कामासाठी पाहण्या करतो. पण पुढच्या वेळी कोणी तक्ता दाखवला तर एवढे विचारा की किती जणांना विचारले, फोनवर की घरी येऊन, पैसे कोणी दिले आणि आपल्या पाड्यावर कोणी आले होते का.

उमेदवाराविषयी कळायला आता दुसरा मार्गही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे शपथपत्रावर लिहून द्यावे लागतात. ते शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. मागच्या वेळी आम्ही राजूरजवळच्या एका बचत गटात त्याच्या छापील प्रती नेल्या होत्या. वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा कोणाचे फारसे लक्ष नव्हते. जमिनीचा रकाना आला तशा बायका पुढे सरकल्या. इतके एकर याच्याकडे आले कुठून, पाच वर्षांपूर्वी किती होते, बायकोच्या नावावर किती, असे प्रश्न सुरू झाले. मागच्या वेळचे शपथपत्र आमच्याकडे नव्हते. पुढच्या बैठकीला दोन्ही आणा, असे त्यांनी आम्हाला बजावले.